झोपेवर व्याख्यान, सकाळी साडेसहाला

उत्तरा रानडे दहावीत गेल्यापासून पार्ल्यात तिच्याआधी कुणी उठत नव्हतं, कावळेसुद्धा नाहीत. सव्वापाचला नंदकुमार सरांची पहाटेची बॅच, सातला शाळा, संध्याकाळी पुन्हा सर, आणि साडेअकराला अंथरुणाला पाठ. याची फळं दिसायला लागली होती. गणिताच्या चाचणीत तिने एकच उदाहरण दोनदा सोडवलं, दोन्ही वेळा बरोबर, आणि पुढचं राहूनच गेलं. खो-खोत ‘खो’ मिळाला तरी बसून राहिली. परवा तर ताटातली भेंडी बघून रडली.

“बाबा, पहाटेची बॅच सोडू दे ना!”

“आम्ही चारला उठायचो,” विद्याधर म्हणाले. रात्री आठला गाढ झोपलेले असायचे, हे ते सांगत नसत. ते आत्याने कधीच सांगून टाकलं होतं.

त्यातच सरांचा मेसेज आला: ‘झोप आणि गुण. डॉ. शर्मिष्ठा यांचं व्याख्यान. पाल्यासह हजेरी सक्तीची. रविवार, सकाळी साडेसहा.’ दहाला त्याच हॉलमध्ये कुणाची तरी मुंज होती. झोपेचा प्रश्न त्याआधी निकालात काढणं भाग होतं.

विद्याधर वही घेऊन पहिल्या रांगेत बसले. मागे मुंजीचा शिरा भाजला जात होता.

“या वयात आठ ते दहा तास झोप हवी,” डॉक्टर सांगत होत्या. “दिवसा वाचलेलं झोपेत पक्कं होतं. झोप कमी पडली की चिडचिड होते, मन उदास राहतं, खेळताना दुखापती वाढतात.”

विद्याधरांनी ‘दुखापती’खाली दोन रेघा मारल्या. तेवढ्यात उत्तराची मान त्यांच्या खांद्यावर कलंडली.

“अगं ऊठ! झोपेचं महत्त्व सांगतायत आणि तू झोपतेस?”

“उठवू नका तिला!” डॉक्टर माइकवरूनच म्हणाल्या. “माझं म्हणणं इथे तिला एकटीलाच कळलंय.”

हॉल हसला. विद्याधरही हसले, दुसरं काय करणार?

“किती वाजता उठते?” डॉक्टरांनी विचारलं.

“साडेचारला,” ते म्हणाले, आणि राहवलं नाही म्हणून, “रोज!”

या वेळी कुणी हसलं नाही.

“मग तिची पहाटेची बॅच बंद करणार का?”

मंचावरून नंदकुमार सर रोखून बघत होते. मागून दोनशे पालक बघत होते. विद्याधर सरांना घाबरत, पण लोकांना जास्त.

“बंद!” ते गरजले.

टाळ्या इतक्या पडल्या की उत्तरा दचकून जागी झाली.

“काय झालं?”

“तुझी पहाटेची बॅच सोडली मी,” विद्याधर म्हणाले. जणू गेले सहा महिने तेच मागे लागले होते.

सोमवारी गजर वाजला नाही. विद्याधरांना मात्र सवयीने साडेचारला जाग आली. त्यांनी चहा केला, दोनदा दाराशी जाऊन आले. आत लेक बिनघोर झोपलेली, आणि थोड्याच वेळात सर बाकीच्यांना काय काय शिकवणार, देव जाणे! पाचला त्यांचा धीर सुटला. त्यांनी खोलीतला दिवा लावला.

“उत्तरा, ए उत्तरा! नीट लागलीय ना गं झोप? गाढ आहे ना?”

उत्तरा उठली. तोंड धुवायला निघाली असं समजून विद्याधर सुखावले. तिने त्यांना कोपराला धरून बाहेर नेलं, दिवा मालवला, दार लोटलं आणि आतून कडी घातली.

“अगं, पण शाळेपर्यंत तसेही आठ तास भरत नाहीत!” ते दाराला तोंड लावून म्हणाले.

आतून घोरणं ऐकू आलं. सुरुवातीचं खोटं होतं, नंतरचं खरं.