मेजावर ठेवलेल्या गोळ्या

ताईच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. धाकटा भाऊ वॉर्डात खाटेवर बसून भिंतीकडे बघत होता, आणि हातातली गोळी काही केल्या तोंडात घालत नव्हता.

"घे रे राजा."

"वचन दिलंय, ताई. प्रभूच्या मेजावर, सगळ्या मंडळीसमोर."

हे खूळ पाळकसाहेबांचं. ज्याचा विश्वास पक्का त्यानं आपल्या गोळ्या चर्चमधल्या मेजावर आणून ठेवायच्या आणि मंडळीनं टाळ्या वाजवायच्या, अशी साक्ष त्यांनी सुरू केली होती. धाकट्यानं मनाच्या आजारावरच्या आपल्या गोळ्या ठेवल्या. तीन आठवडे ना झोप ना अन्न, आणि मंगळवारी शेजाऱ्यांनी त्याला गच्चीच्या कठड्यावरून ओढून घेतलं. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एक तरी दवाखान्यात फिरकला का? नाव नको!

डॉक्टरीणबाई ताईला बाजूला घेऊन म्हणाल्या, "इंजेक्शनवर मी आठवडा काढीन. घरी गेल्यावर काय? त्याची प्रार्थना मला सोडवायची नाहीये, तिच्यावरच तो तगलाय. पण गोळीही घ्यायला हवी. तो ज्यांचं ऐकतो त्यांना आणा."

ते म्हणजे पाळकच, हे ध्यानात येताच ताईच्या मस्तकात तिडीक गेली. ती याच दवाखान्यात औषधांच्या खिडकीत बसायची. दर महिन्याला टोपी कपाळावर ओढून पाळकसाहेब त्या खिडकीशी यायचे आणि याच गोळ्या घेऊन जायचे. आठ वर्षं! तिनं कुणाजवळ ब्र काढला नव्हता. कोण काय औषध घेतं ते खिडकीबाहेर जायचं नाही, हा तिथला नेम होता.

ती तडक त्यांच्या घरी गेली. तिला दारात बघूनच त्यांचा चेहरा उतरला.

"मी वॉर्डात येऊन त्याला समजावतो, बाई."

"चारचौघांत घेतलेलं वचन कानात कुजबुजून सोडवणार? त्याला ते पटायचं नाही. रविवारी सगळ्यांसमोर सोडवा."

"मंडळीचा विश्वास डळमळेल."

"आणि माझा भाऊ खाली पडला असता म्हणजे? त्याच्यावर छानसं प्रवचन केलं असतंत!"

त्यांनी आवाज खाली आणला. "तू... सांगणार आहेस?"

"मेले तरी नाही. सांगायचं तर तुम्हीच सांगा. जनाची नाही तर मनाची तरी ठेवा," असं म्हणून ती चालू पडली.

रविवारी डॉक्टरीणबाईंनी धाकट्याला दोन तासांची सुट्टी दिली आणि स्वतःही येऊन मागच्या बाकावर बसल्या. साक्षीची वेळ झाली. एक निवृत्त शिक्षिका आपली औषधाची डबी घेऊन पुढे निघाली. टाळ्यांसाठी हात वर झाले. ताईनं दातओठ खात पदर मुठीत आवळला.

"टाळ्या नकोत," पाळक म्हणाले. त्यांनी डबी शिक्षिकेच्या हातात परत दिली आणि खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. "या माझ्या. आठ वर्षं रोज सकाळी प्रार्थना करतो आणि घेतो. लाज वाटली म्हणून लपवलं. तुमची वचनं प्रभूनं मागितली नव्हती, मी मागितली होती. ती सगळी सुटली."

"शोभतं का हे!" कुणीतरी ओरडलं. दोन बाकं उठून निघून गेली.

धाकट्यानं वॉर्डातून दिलेली गोळी खिशातून काढली. मग हळूच म्हणाला, "ताई, पाणी आहे?"

तिनं बाटली दिली. त्यानं डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं आणि गोळी गिळली. तिला रडू फुटलं, आणि रडू आलं म्हणून राग जास्तच चढला.

उपासना संपल्यावर पाळक हात जोडून तिच्यापुढे आले. "क्षमा कर, बाई."

"क्षमेचं नंतर बघू," ती डोळे पुसत म्हणाली. "माझ्या भावाआधी आणखी सहा जणांनी गोळ्या ठेवल्यात. त्यातले चार आज आलेले नाहीत. जिवंत आहेत का ते तरी ठाऊक आहे तुम्हाला? चपला घाला. मी येते बरोबर."