पापी नंबर एक

शमुवेल तिवडे सर चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे सगळ्यांसमोर आपली पापं कबूल करायला उठले की मंडळीतल्या बायका आधीच रुमाल काढून ठेवत. सर निवृत्त मुख्याध्यापक, चर्चचे जुने पंच, आवाज भारदस्त. "माझ्याइतका गर्विष्ठ पापी या मंडळीत दुसरा नाही," असं ते ईस्टरआधीच्या दर उपवासकाळात सांगत. नंतर अंगणात लोक म्हणत, "काय नम्रता आहे सरांची!" सर मान खाली घालून ऐकत. कौतुक संपेपर्यंत मान वर करत नसत.

यंदा चर्चचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, नवे होते, ज्ञानेश साळवे. तरुण माणूस, मंडळीची रीत अजून कळली नव्हती. साक्षीनंतर त्यांनी सरांना बाजूला घेतलं.

"सर, तुम्ही म्हणालात ते मलाही जाणवलंय."

"काय?"

"गर्व. साधनाताईंनी गायनमंडळ सोडलं ते तुमच्यामुळेच ना?"

सर लालबुंद झाले. "माझ्याबद्दल असं बोलायची हिंमत कशी होते तुमची?"

"तुम्हीच आत्ता माइकवर बोललात."

घरी सर जेवले नाहीत. "कालचा पोरगा मला गर्विष्ठ म्हणतो!"

"मग साक्ष खोटी होती का?" त्यांच्या बायकोने, प्रतिभाबाईंनी विचारलं आणि कुकर उतरवला.

झालं होतं असं. गेल्या वर्षी सर गायनमंडळाची ईस्टरची तालीम घेत असताना साधनाचा सूर चढला. तिचे वडील लासलगावच्या कांद्याच्या मार्केट यार्डात हमाल होते. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "हे गायन आहे, कांद्याचा लिलाव नाही. बापाचं ओरडणं घरी ठेवून येत जा." सगळे हसले. साधना गेली ती परत आली नाही. सर त्याला शिस्त म्हणत.

पाळक काही पाठ सोडेनात. शेवटी सरांनी माफी मागायचं ठरवलं, पण रीतसर. कडक इस्त्रीचा सदरा, फळांची करंडी आणि साक्षीला दोन पंच घेऊन ते अंबडजवळ साधनाच्या घरी गेले.

"साधना, तुझं मन दुखावलं असेल तर क्षमा मागतो. आणि तालीम अर्धी टाकून गेलीस, त्याबद्दल मीही तुला क्षमा केली आहे."

"आमेन," एक पंच म्हणाले.

"बोललात ते माझ्या वडिलांबद्दल," साधना म्हणाली. "ते आत बसलेत. त्यांना सांगा. एकटेच जा."

आत तिचे वडील लहानूबाबा टीव्ही बघत होते. "या सर, बसा! साधना लय नाव काढते तुमचं."

म्हणजे पोरीने घरी काहीच सांगितलं नव्हतं. आता आपलं वाक्य आपल्याच तोंडाने सांगायचं. सर पुटपुटले.

"जरा मोठ्यानं बोला. कान गेलेत माझे."

सरांनी मोठ्याने सांगितलं. लिलावाचं, बापाचं, ओरडण्याचं. बाहेर पंचांच्या कपबशा थांबल्या. भारदस्त आवाज मध्येच चिरकला.

"चुकलो मी," सर म्हणाले. यात 'दुखावलं असेल तर' नव्हतं.

बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. मग म्हणाले, "पोरीला लय लागलं असंल." आणि परत टीव्हीकडे वळले.

परतताना गाडीत पंच म्हणाले, "सर, रविवारी ही साक्ष द्याच. मंडळी ढसाढसा रडेल."

सरांचं तोंड सवयीने उघडलं. "गप बसा हो," ते म्हणाले आणि काचेबाहेर बघत राहिले.

ईस्टरला साधना आली. तिने प्रतिभाबाईंना नमस्कार केला, सरांना नाही. सरांनी आपणहून हात जोडले, जरा अवघडूनच. तिने पाहिलं की नाही, गर्दीत कळलं नाही.