मागन्हिल्डचे बावीस सेकंद

पहिले तीन आठवडे हेरबोर्गबाईंनी तोरुनला कात्रीला हात लावू दिला नाही. पांढरे सुती हातमोजे घालायचे, फिल्म कडेने धरायची, कापलेला प्रत्येक तुकडा खिळ्याला टांगायचा आणि त्याला चिठ्ठी लावायची, एवढंच काम. बोटभर तुकडासुद्धा फेकायचा नाही. "आज कचरा म्हणशील आणि उद्या त्याच्यासाठी टेबलाखाली रांगशील," असं बाई म्हणायच्या. बाईंची एकसष्टी उलटली होती, त्यातली अडतीस वर्षं बेर्गनच्या या स्टुडिओत फिल्म कापण्यात गेली होती, आणि कुणाचं कौतुक करायचं असतं हे त्या मधेच कधीतरी विसरून गेल्या होत्या.

चौथ्या आठवड्यात कात्री मिळाली आणि तोरुनने पहिल्याच दिवशी दिवे लावले. चित्राची पट्टी वेगळी, आवाजाची वेगळी. दोन्ही कापणीच्या टेबलावर शेजारी-शेजारी धावतात. तिने चित्रातून दीड मीटर काढलं आणि आवाज तसाच ठेवला. पुढे पाद्रीबुवांनी आशीर्वादासाठी तोंड उघडलं ते बोटीचा भोंगा वाजवतच. तोरुनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई मात्र डोळे पुसेपर्यंत हसल्या.

"चला, हे एकदा झालं की परत होत नाही," त्या म्हणाल्या. "आता ऐक. शॉट एकटा काही बोलत नाही. त्याच्या शेजारी कोण बसलंय त्यावरून कळतं तो काय म्हणतोय ते. आणि बोलणारा बोलतोय म्हणून त्याच्याच थोबाडाकडे बघत बसायला पाहिजे असं नाही. त्याला बोलू दे, आपण दुसरीकडे बघू."

तोरुनने हे वहीत लिहून ठेवलं. तिची शिकाऊ उमेदवारी सहा महिन्यांची होती, बघता बघता त्यातले पाच संपले.

तेव्हा टेबलावर आला तो मासळीच्या कारखान्यावरचा माहितीपट. त्याच्या चित्रीकरणाला कॅमेऱ्यासमोर शॉटच्या नंबराची पाटी धरायला तोरुन स्वतः उत्तरेला जाऊन आली होती. तिथेच तिला मागन्हिल्ड भेटली. पंचेचाळिशीची, पॅकिंगच्या लाइनवर उभी राहून कॉड माशाचे तुकडे खोक्यात भरणारी. उजव्या हाताची दोन बोटं यंत्राने नेलेली. काम भरभर व्हावं म्हणून यंत्रावरची संरक्षक जाळी काढून ठेवली होती, असं तिने कॅमेऱ्यासमोर सांगितलं. आवाज न चढवता, बाजारभाव सांगावा तसं. तिच्याआधी चौघींनी बोलायला नकार दिला होता. नोकरी कुणाला नको असते?

निघताना तिने तोरुनला दारात गाठलं. "अगं, मला कापणार असाल तर आधी कळव हं. टीव्हीवर दिसणार म्हणून मी शेजारपाजाऱ्यांना बोलावून ठेवीन आणि माझं हसं होईल."

"तू असशीलच फिल्ममध्ये," तोरुन म्हणाली. "माझा शब्द."

पाटी धरणाऱ्या उमेदवार पोरीने कसला शब्द द्यायचा! पण दिला खरा.

सोमवारी विभागप्रमुख आयलर्टसेन खोलीत आला, तो हातात टाइप केलेला कागद घेऊनच. कारखान्याच्या संचालकाचा फोन येऊन गेला होता. आयलर्टसेन वाईट माणूस नव्हता. त्याला फक्त फोनवर नाही म्हणता येत नसे, आणि अशा माणसांनी जगाचं जेवढं नुकसान केलंय तेवढं वाईट माणसांनीही केलं नसेल.

"त्या बाईची मुलाखत काढा," तो म्हणाला. "तिचा एकही शब्द नको. आणि संचालकांचं निवेदन पूर्ण पाहिजे. त्यातला एकही शब्द कापायचा नाही. मी तसं कबूल केलंय. हे घ्या, लेखी."

तोरुन काही बोलणार तेवढ्यात बाईंनी तिच्या पायावर पाय दिला.

तो गेल्यावर मात्र तोरुनचा संयम सुटला. "मी शब्द दिलाय त्या बाईला! आणि तुम्ही मुकाट्याने ऐकून घेतलंत?"

"ओरडून फिल्म कापली जात नाही," बाई म्हणाल्या. "काप आधी. मग बघू."

तोरुनने मागन्हिल्डची मुलाखत काढली, गुंडाळली, चिठ्ठी लावून टांगली. मग तिने खिळ्यावरचे तुकडे धुंडाळले. एक होता मागन्हिल्डच्या हाताचा: लाइनवर खोकी भरणारा तो हात, जवळून, चांगला पाऊण मिनिटाचा. दुसरा होता संचालक मनमोकळं हसतानाचा. तिने हात घेतला, त्याला हसू चिकटवलं आणि टेबल चालू केलं. दोन बोटांची थुटकं, आणि लगेच त्यावर खदखदून हसणारा माणूस. पाहणाऱ्याच्या अंगाचा तिळपापड व्हावा असं जमलं होतं.

बाईंनी ते एकदा पाहिलं आणि जोड टर्रकन उचकटला.

"हा केव्हा हसला?"

"कॉफीच्या वेळी."

"म्हणजे वॅफलची बशी बघून हसला. तू त्याला बोटांवर हसवलंस. याला कापणं म्हणत नाहीत पोरी, याला थाप मारणं म्हणतात."

"ते थापा मारतात त्या चालतात! आम्ही मात्र धुतल्या तांदळासारखं राहायचं?"

"हो. कारण उद्या तो म्हणेल की हे खोटं आहे, आणि ते खरंच खोटं असेल. मग त्या बाईचं कोण ऐकणार?"

तोरुन चिडून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. सगळ्यात जास्त राग याचा आला होता की म्हातारीचं बरोबर होतं.

परत येऊन तिने संचालकाचं निवेदन लावलं. लावायलाच हवं होतं, लेखी हुकूम होता. संचालक कारखान्यात, यंत्रांच्या घरघरीत उभा राहून बोलू लागला, आणि चौथ्या सेकंदाला पडदा पांढराफटक झाला. आवाज मात्र चालूच होता. त्या दिवशी कॅमेऱ्यातली फिल्म संपली होती आणि ध्वनिमुद्रकाच्या लक्षातच आलं नव्हतं. बावीस सेकंद नुसता संचालकाचा आवाज, वर चित्र नाही. "...आमच्या माणसांची आम्ही घरच्यांसारखी काळजी घेतो. गेल्या बारा वर्षांत या हॉलमध्ये एकाही कामगाराला गंभीर इजा झालेली नाही..."

तोरुनने टेबल थांबवलं. त्याला बोलू दे, आपण दुसरीकडे बघू.

तिने खिळ्यावरून मागन्हिल्डचा हात उतरवला. तोच हॉल, तीच सकाळ, तीच घरघर. बावीस सेकंद मोजले, फ्रेम न् फ्रेम. साडेपाचशे. कुठे काही ताणलं नाही, कुणाला कशावर हसवलं नाही. संचालक काळजीबद्दल बोलत राहिला, आणि तीन बोटांचा हात मासे उचलून खोक्यात ठेवत राहिला. "एकाही कामगाराला" म्हणताना हात क्षणभर थांबला, एक निसटता तुकडा थुटकांनी दाबून धरला आणि पुन्हा चालू झाला.

बाईंनी दोनदा पाहिलं. "यात खोटं काय आहे?" त्यांनी विचारलं.

"फक्त तो बोलतोय ते."

"हं," बाई म्हणाल्या आणि चिकटपट्टीचं रीळ तिच्याकडे सरकवलं. "जोड पक्का कर."

गुरुवारी दुपारी दोनला आयलर्टसेन बघायला बसला. फिल्म त्याच संध्याकाळी दाखवायची होती, साडेतीनला फिल्मचा डबा न्यायला माणूस येणार होता. मागन्हिल्डचा एक शब्द नव्हता. निवेदन आलं तेव्हा त्याने कागदावर बोट ठेवून शब्द न् शब्द ताडून पाहिला. मग मान वर केली आणि तो हात दिसल्यावर त्याचं बोट कागदावर तसंच राहिलं.

"हे काय आहे?"

"निवेदन," तोरुन म्हणाली. "पूर्ण. एकही शब्द न कापता."

"संचालकांचा चेहरा कुठे आहे?"

"फिल्म संपली होती."

"मग हा शॉट लहान करा!"

"लहान केला तर त्यांची वाक्यं कापावी लागतील. कापू? तुम्ही तसं लेखी द्या."

आयलर्टसेनचे कान लाल झाले. "समुद्र टाका. बोटी टाका. काहीही टाका! हे कापलंय कुणी?"

"मी," हेरबोर्गबाई म्हणाल्या.

"त्या नाही, मी," तोरुन म्हणाली. "तुम्हाला मला काढायचं असेल तर काढा. पण हा हात मी काढणार नाही."

"मग हेरबोर्ग, तुम्ही काढा."

बाई उठल्या. त्यांनी एकेक बोट ओढत हातमोजे काढले, घडी केली आणि आयलर्टसेनच्या पुढ्यात टेबलावर ठेवले. कात्री शेजारी ठेवली.

"घाला," त्या म्हणाल्या. "कात्री तुमच्या उजव्या हाताला आहे."

नऊ वर्षं तो या विभागाचा प्रमुख होता. फिल्म कुठल्या चाकावरून ओवायची हे त्याला ठाऊक नव्हतं. तो हातमोज्यांकडे बघत राहिला, मग घड्याळाकडे, मग पुन्हा हातमोज्यांकडे. खोलीत कुणीही त्याच्या मदतीला हललं नाही.

"महिनाअखेर तुझी उमेदवारी संपतेय," तो शेवटी तोरुनला म्हणाला. "पुढचं बघून घे तुझं." आणि दार आपटून गेला.

साडेतीनला माणूस आला. बाईंनी डबा स्वतः त्याच्या हातात दिला आणि येऊन दोन कप कॉफी ओतली. "हाताच्या शॉटवर थोडी उशिरा गेलीस," त्या म्हणाल्या. "सहा फ्रेम आधी चाललं असतं. बाकी कापणारी झालीस तू."

तोरुनने कप तसाच ठेवला आणि आधी फोन लावला. कारखान्यात कुणीतरी हाका मारत गेलं. बऱ्याच वेळाने मागन्हिल्ड आली.

"कापलं ना मला?" तिने आल्या आल्या विचारलं.

"बोलणं सगळं कापलं. तुझा एक शब्दही नाही राहिला. मला जमलं नाही गं."

पलीकडे यंत्रांची घरघर ऐकू येत होती.

"पण तुझा हात आहे. संचालक म्हणतो की या हॉलमध्ये कुणाला इजा झाली नाही, आणि तो हे म्हणतोय तेवढा वेळ लोक तुझा हात बघतात. बावीस सेकंद."

मागन्हिल्डने विचारलं, "म्हणजे शेजारणींना बोलावू म्हणतेस?"

"बोलाव की."

"शेजारणी राहू दे," मागन्हिल्ड म्हणाली. "मी सगळ्या लाइनला बोलावते."