मी मेले नव्हते, गारठले होते

मित्रांनो, साबणाच्या वडीएवढी, कोपरे झिजलेली ही जुनी बॅटरी म्हणजे मी. एकदा मला मेलेली ठरवून भंगारात टाकलं होतं. त्याचा राग अजून गेलेला नाही, तेव्हा सगळं सांगूनच टाकते.

कारखान्यातून मी आले ती एका नर्सबाईंकडे. त्या मोटरसायकलवरून डोंगरातल्या घरांना औषधं द्यायला जात. त्यांचं जाकीट आणि हातमोजे विजेवर गरम होणारे. गाडीवर असेपर्यंत गाडीचीच वीज मिळे. पण रस्ता संपला की वायर काढायची आणि पुढे तासभर बर्फातून पायपीट. तेवढ्यासाठी मी. आतल्या खिशात बसून मी त्यांची बोटं उबदार ठेवत असे. थंडीत ती पांढरीफटक पडत, आणि तशा बोटांना सुई टोचायला शीर सापडत नाही.

त्यांच्या भावाचं गॅरेज होतं. गाडीची वायर त्यानेच जोडलेली, म्हणून मी त्याच्या डोळ्यांत खुपायचे. "माझी वायर असताना हे खेळणं कशाला गं?" असं तो येता-जाता म्हणायचा.

एका संध्याकाळी बाई मला गाडीच्या पिशवीतच विसरल्या आणि रात्रभर मी बाहेर गारठत राहिले. सकाळी भावाने मला चार्जर लावला. मी लाल दिवा लुकलुकवला. गोठलेली असताना मी वीज घेत नाही. घेतली तर आतून कायमची बिघडते, म्हणून माझी घडणच तशी आहे. भावाने पिन दोनदा काढून घातली. "मेली ही," म्हणाला आणि मला गंजक्या नटबोल्टांच्या डब्यात फेकलं.

बाई माझ्याशिवाय गेल्या. वरच्या घरातल्या आजोबांना रोज शिरेतून औषध द्यायचं होतं. तीनदा सुई चुकली. चौथ्यांदा जमलं, पण आजोबांच्या सुनेचा धीर सुटला. "सिस्टर, उद्याही असंच झालं तर मी दवाखान्यात सांगून दुसरी नर्स मागवणार."

बाईंनी परत येऊन हे सगळं भावाला सांगितलं, तेव्हा मला डब्यात ऐकू आलं. मग त्या डबा चाचपू लागल्या.

"सोड गं, मेलीये ती," भाऊ म्हणाला.

"दादा, गारठली की माझी बोटंही ऐकत नाहीत. म्हणून काय मी मेले?"

त्यांनी मला पुसलं, स्वेटरच्या आत पोटाशी धरलं आणि हट्टाने बसून राहिल्या.

"अंडं उबवतेस का?" भाऊ हसला.

तासाभराने त्यांनी चार्जर लावला. हिरवा दिवा लागला. भावाने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि कामाला लागला.

दुसऱ्या दिवशी मी खिशात होते. सून हाताची घडी घालून दारात उभी, आजोबांनी डोळे घट्ट मिटलेले. बाईंनी हातमोजा काढला. जरा वेळाने आजोबा म्हणाले, "टोचा की आता."

"झालं टोचून," बाई म्हणाल्या. सुनेने हाताची घडी सोडली आणि पाणी आणायला आत गेली.

आता मी थकले आहे. पूर्वीइतका वेळ ऊब देत नाही, पण गारठले तर आजही नकारच देते. मित्रांनो, मला थंडीत बाहेर ठेवू नका. ठेवलंत, तर आधी कुशीत घ्या, मग चार्जर लावा. आणि लाल दिवा लुकलुकला म्हणून भंगाराचा डबा शोधू नका. तेव्हा मी 'नाही' म्हणत असते, आणि नाही म्हणायला जिवंत असावं लागतं.