बरणीची मागची बाजू

पत्रापासूनच घोटाळा झाला आणि पुढचं सगळं बिनसत गेलं.

बेला अष्टमकर लंडनमध्ये, फुटकी चिनी मातीची भांडी सांधून देणाऱ्या एका दुकानात काम करत होती. मुंबईहून येऊन तिला सहा वर्षं झाली होती. सांधकाम ती इथंच शिकली, पण रंगाचा हात मुळातच चांगला, त्यामुळे मालक मिस्टर प्रिचर्ड नाजूक कामं तिच्याच टेबलावर आणून ठेवत. १९६७ च्या ऑक्टोबरात त्यांनी एक हंगेरियन बरणी आणून ठेवली. पुढून फुलं, वेली, एक निळं फुलपाखरू. मागचा तळहाताएवढा तुकडाच गायब. गिऱ्हाइकाला बरणी ख्रिसमसच्या आधी हवी होती, आणि मागचं चित्र अगदी मूळ होतं तसं.

"मूळ कसं होतं हे मला कोण सांगणार?" बेलानं विचारलं.

"ते तू शोध," म्हणून मिस्टर प्रिचर्ड मोकळे झाले.

शोधता शोधता तिला कळलं, की केंब्रिजमध्ये सालाई नावाच्या एका हंगेरियन गृहस्थांनी हातानं घडवलेल्या, हातानं रंगवलेल्या हंगेरियन पोर्सेलीनचं छोटं म्युझियम राहत्या घरातच मांडलं आहे, आणि तिथं या बरणीच्या जोडीची दुसरी बरणी आहे. पण म्युझियम उघडं फक्त शनिवारी. बेला ज्यू. शनिवारी शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र दिवस, त्या दिवशी प्रवास करायचा नाही, हे बेलानं लंडनमध्येही सोडलं नव्हतं. तिनं रविवारची वेळ मागणारं पत्र टाकलं. उत्तर आलं ते चार पानांचं, आणि सगळंच्या सगळं हंगेरियनमध्ये. तिला त्यातले २६ आणि ११ हे दोन आकडे तेवढे कळले.

"इंग्लिश पत्राला हंगेरियनमध्ये उत्तर?" तिचा नवरा शिमोन म्हणाला. "काहीतरी घोळ आहे, बेला. पुन्हा लिहून विचार."

"पुन्हा लिहायला वेळ कुठाय? तारीख दिलीय ना, झालं तर मग."

सव्वीस नोव्हेंबरला रविवार. रुळांचं काम निघालेलं, म्हणून अर्ध्या वाटेत ट्रेनमधून उतरवून सगळ्यांना बसमध्ये कोंबलं. बस रस्ता चुकली. केंब्रिजला पोचायला पाऊण वाजला आणि ते घर सापडेपर्यंत सव्वा. बेलाचे पाय गारठून दगड झाले होते.

दार एका उंच, वयस्कर माणसानं उघडलं. काळा सूट, टाय, केस चापून बसवलेले. त्यानं बेलाकडे पाहिलं, मग तिच्या मागं रस्त्यावर.

"मिस्टर बेला कुठे आहेत?"

"मीच बेला."

"शक्य नाही. बेला पुरुषाचं नाव आहे. हंगेरियन पुरुषाचं."

"आमच्यात बाईचं आहे."

सालाईंचा चेहरा असा उतरला, की बेलालाच क्षणभर वाटलं, आपण काहीतरी लबाडी केली. आतल्या खोलीच्या उघड्या दारातून दोघांसाठी मांडलेलं टेबल दिसत होतं, मधोमध खसखशीचा केक. सालाईंनी जाऊन ते दार ओढून घेतलं.

"दहा मिनिटं," ते म्हणाले. "वर चला."

वर काचेच्या कपाटांत कप, बश्या, पक्षी, नाचणाऱ्या बायका. एरवी बेला तासभर हलली नसती. आज तिनं सरळ बरणी गाठली. तीच फुलं, तेच निळं फुलपाखरू, आणि पाठ भिंतीकडे.

"मला हिची मागची बाजू बघायचीय."

"समोरची बघा. सगळे समोरचीच बघतात."

"समोरची माझ्याकडे आहे हो! मागचीसाठीच मी आलेय. नुसती फिरवून दाखवा."

"कपाट उघडत नाही."

"मग निदान आरसा द्या, मागं धरून बघते."

"नाही. दहा मिनिटं संपली."

तेव्हा मात्र बेलाचा तोल सुटला. इंग्लिश कुठल्या कुठं गेलं. "अहो, मी काय चोर आहे का?" ती मराठीतच तडतडली. "सकाळी सातला निघालेय घरातून. पोटात चहाचा घोट नाही. तुम्ही चार पानं लिहिलीत ती मला समजली नाहीत, यात माझा काय गुन्हा? भांडं फिरवायला हात दुखतात का तुमचे?"

सालाईंना त्यातलं अक्षरही कळलं नसणार. पण त्यांनी खिशातून किल्ली काढली, कपाट उघडलं आणि बरणी तिच्याकडे फिरवली.

मागं पांढरं प्लास्टर होतं. ओबडधोबड, लिंपल्यासारखं.

"छप्पनच्या उठावानंतर हंगेरी सोडून निघालो तेव्हा फुटली," ते म्हणाले. "माझ्या बायकोनं रंगवलेली. ती तिथल्या कारखान्यात होती."

बेलाला रागही येईना आणि रडूही. "मागं काय होतं, ते तरी सांगा."

"मधमाश्या. दोन." त्यांनी बोटानं हवेत काढून दाखवल्या, मग थांबले. "की तीन? खाली एक कळी होती. नाही, कळी वेगळ्याच कुठल्यातरी बरणीवर." कपाळ चोळत ते पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिले. "रोज समोर होती हो माझ्या. रोज!"

"तुमच्या पत्नीला विचारता येईल?"

"मार्चमध्ये वारली."

बेलानं वही उघडली होती, ती तशीच मिटली. आपल्या सहा तासांच्या प्रवासाचं इथं काय बोलणार?

खाली आल्यावर त्यांनी टेबल मांडलेल्या खोलीचं दार उघडलं. "केक खाऊन जा. हंगेरियनमध्ये कोणाशी बोलून आठ महिने झाले, म्हणून..." बेलानं दोन तुकडे खाल्ले. परतीची बस तिच्या डोळ्यांदेखत निघून गेली.

दुकानात तिनं स्पष्ट सांगितलं, "ती जागा पांढरीच ठेवू या. खरं कोणालाच माहीत नाही."

"गिऱ्हाईक पांढऱ्याचे पैसे देत नाही," मिस्टर प्रिचर्ड म्हणाले.

तिनं दोन मधमाश्या काढल्या. पुसल्या. तीन काढल्या, त्याही पुसल्या. शेवटी दोन ठेवल्या. गिऱ्हाईक बाई हरखून गेल्या. हुबेहूब मूळच्यासारखं झालंय म्हणाल्या. बेला मान हलवून आत गेली आणि ब्रश धूत राहिली, पाणी स्वच्छ येऊ लागलं तरीही.