खाडाखोडीची वही

प्राध्यापक बाईंनी माझी वही शेवटपर्यंत चाळली, मग पुन्हा पहिल्या पानावर आल्या आणि म्हणाल्या, "यात एकही खाडाखोड नाही."

मला वाटलं, कौतुक चाललंय. "सवय आहे," मी म्हणाले. "आधी सुट्या कागदावर कच्चं लिहिते, मग वहीत पक्कं उतरवते."

"आणि कच्चं?"

"फेकून देते."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. कौतुक करणारी माणसं असा चष्मा काढत नाहीत, हे कळायला मला क्षणभर लागलं.

विद्यार्थी अदलाबदल योजनेतून मी या विद्यापीठात पाच महिन्यांसाठी आले होते. महिनाअखेरीला बाई ठरवणार होत्या की मला प्रयोगशाळेत स्वतःचा प्रयोग द्यायचा, की ग्रंथालयात बसवून इतरांच्या प्रयोगांवर अहवाल लिहायला लावायचा. अहवाल मी घरी बसूनही लिहिला असता. त्यासाठी समुद्र ओलांडायची गरज नव्हती.

माझं काम साधं होतं. भिजवलेल्या बियांची बशी काट्यावर ठेवायची आणि बिया वाळताना दर पाच मिनिटांनी वजन टिपायचं. काटा इतका नाजूक की जवळ कुणी शिंकलं तरी आकडा हलायचा.

"साठ नोंदी हव्या होत्या. इथे अठ्ठेचाळीस आहेत," बाई म्हणाल्या.

"बारा चुकल्या होत्या."

"कशावरून?"

"वजन एकदम उतरायचं आणि थोड्या वेळाने परत वाढायचं. वाळणारं बी पुन्हा जड कसं होईल? आलेखात बसतच नव्हत्या त्या."

"म्हणजे आलेख कसा यायला हवा ते तू आधी ठरवलंस."

कॉलेजात चार वर्षं आम्ही सगळ्यांनी हेच केलं होतं. माझी वही तर सर खालच्या वर्गात नमुना म्हणून फिरवायचे.

"सोमवार ते शुक्रवार," बाई म्हणाल्या. "तोच प्रयोग. थेट वहीत, शाईने, प्रत्येक नोंदीपुढे वेळ. चुकलं तर एक रेघ मार, पण खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शुक्रवारी ठरवू."

संध्याकाळी घरी फोन लावला.

"अक्षर चांगलं आहे म्हणून कुणी रागावतं का?" आई म्हणाली.

"अक्षराचं नाही गं. मी आकडे गाळले."

"मग का गाळलेस?"

मागून दादा म्हणाला, "तिची वही म्हणजे लग्नपत्रिका असते. लग्नपत्रिकेत कुणी वजाबाकी दाखवतं का?"

"तू गप रे. जेवलीस का?"

"भात केलाय."

"कच्चा?"

"नाही, शिजलाय. इथली शेगडी वीस मिनिटांनी आपोआप बंद पडते, ते आता कळलंय. पहिला आठवडा मी तांदूळच चावत होते."

"आणि आम्हाला सांगत होतीस, सगळं मस्त चाललंय," दादा म्हणाला. "फोनवरही पक्कीच वही."

मी विषय बदलला, पण ते लागलं.

सोमवारी वही उघडली आणि सगळ्यात आधी पहिल्या पानावर लिहिलं: मागच्या प्रयोगातल्या बारा नोंदी मी टाकून दिल्या, त्या आता मिळणार नाहीत. मग कामाला लागले. थेट शाईने लिहिणं म्हणजे न विंचरता चारचौघांत गेल्यासारखं वाटत होतं. दुपारपर्यंत चार ठिकाणी रेघ मारली. एकदा चारच्या जागी सात लिहिलं, एकदा वेळ आणि वजन एकमेकांच्या रकान्यात गेलं. पान माझं आहे हे मलाच पटेना.

वजन आजही मधूनच उतरत होतं आणि पुन्हा चढत होतं. हात शिवशिवत होते, तरी सगळं उतरवलं.

बुधवारी दुपारी तीन दिवसांच्या पानांवर वजन उतरल्याच्या नुसत्या वेळा वाचत गेले. दहा वाजून पाच. दहा पंचेचाळीस. अकरा पंचवीस. मंगळवारी सुरुवात वेगळ्या वेळी झाली होती, पण दोन उतारांमधलं अंतर तेच होतं, चाळीस मिनिटं. बियांना घड्याळ कळत नाही. मी बशी उचलली, तिच्या जागी पितळी वजन ठेवलं आणि वाट पाहत बसले. पितळ काही वाळत नाही.

चाळीस मिनिटांनी पितळही हलकं झालं.

मी तडक काटेवाल्या काकांकडे गेले. इथे आल्यापासून मनातल्या मनात मी सगळ्यांना टोपणनावं दिली होती. सगळी उपकरणं सांभाळणारे हे साठीचे गृहस्थ काटेवाले काका, आणि माझ्या शेजारच्या टेबलावर बसून याच काट्यावर पीएचडीचं काम करणारा तो दाढीवाला.

"काटा मी स्वतः तपासलाय," काका मान वर न करता म्हणाले. "दोन महिनेच झालेत."

"काट्याबद्दल तक्रार नाहीये."

"मग कुणाबद्दल आहे?"

"चाळीस मिनिटांबद्दल."

आता त्यांनी मान वर केली. मी वही पुढे धरली. रेघा मारलेल्या, शाईचा डाग पडलेल्या त्या पानांची मला लाज वाटत होती, पण ते शाईकडे पाहतच नव्हते. ते वेळा वाचत होते.

"तीन आठवडे झाले तुला येऊन," ते म्हणाले. "आणि मला काटा शिकवतेस?"

"शिकवत नाही. फक्त माझ्याबरोबर सव्वातीनपर्यंत थांबा."

ते आले, बहुधा मला खोटं पाडायलाच. दोघं काट्यासमोर उभे राहिलो. तीन वाजून तेरा मिनिटांनी भिंतीपलीकडून बारीक घरघर सुरू झाली. काकांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं आणि टेबलामागे हात घालून भिंतीवर तळवा टेकवला. तिथे नळ्या जायला एक भोक होतं. मीही हात धरला. भोकातून गरम वारा येत होता, थेट काट्याच्या काचेवर. आकडा उतरू लागला.

"पलीकडे मोठा फ्रीझर आहे," काका म्हणाले. "नमुने ठेवायचा. त्याची मोटर सुरू झाली की गरम हवा इकडे."

"तो कधी आणला?"

त्यांनी भिंतीवरचा हात काढला. "काटा तपासला, त्याच्या पुढच्या आठवड्यात."

दाढीवाला आतापर्यंत कान देऊन ऐकत होता. तो खुर्चीसकट आमच्याकडे सरकला. "म्हणजे माझे दोन महिने?"

"तुझ्या नोंदींत वेळ आहे ना?" मी विचारलं.

"वेळ आहे, सगळं आहे. पण मी सरासरी काढत बसलो. आणि तीनदा बियाणं बदललं." त्याने दाढीत बोटं घातली. "पुरवठादाराला किती बोललो मी. परवाच एक लांबलचक पत्र पाठवलंय."

"दुसरं पाठव," काका म्हणाले. "आणि त्यात माझं नाव नको."

शुक्रवारी बाई वही वाचत होत्या आणि मी त्यांच्या टेबलाच्या कडेकडे पाहत होते. पहिल्या पानावर त्या बराच वेळ थांबल्या. मग प्रत्येक रेघेखालचा आकडा वाचत पुढे गेल्या. पितळी वजनाच्या पानावर त्यांनी बोट ठेवलं.

"हे करायला मी सांगितलं नव्हतं."

"नाही."

"मग का केलंस?"

"नोंदी चुकल्यात असं म्हणायचं, तर कशामुळे ते सांगता यायला हवं होतं. मागच्या वेळी तुम्ही विचारलंत तेव्हा सांगता आलं नाही."

बाईंनी पानाखाली सही केली, तारीख घातली आणि वही माझ्याकडे सरकवली. "काटा सोमवारी हलवू. बियांचा प्रयोग तुझा. तुझ्या शेजारी पीएचडी करतोय, त्याच्या दोन महिन्यांच्या नोंदी आहेत, त्यातल्या कुठल्या वापरता येतील तेही तूच पाहा. तो नाही म्हणणार नाही, मी विचारलंय." मग मी दाराशी पोचल्यावर म्हणाल्या, "आणि ग्रंथालयात तुझ्यासाठी जागा धरली होती, ती सोडून दे."

सोमवारी, काटा हलू नये म्हणून त्याच्याखाली असलेली जड दगडी फरशी उचलायला चौघं लागले. दाढीवाला एका कोपऱ्याला, बाकीचे तीन कोपरे आजूबाजूच्या खोल्यांतल्या धडधाकट मंडळींना. काका पुढे पुढे "सांभाळून, सांभाळून" करत होते. व्हरांड्यात आल्यावर त्यांनी सगळ्यांना थांबवलं. समोर तीन खोल्या रिकाम्या होत्या.

"बोल," काका मला म्हणाले. "काटा कुठे ठेवायचा?"

"लवकर बोल," दाढीवाला म्हणाला. "हात तुटतायत."

मी पहिल्या खोलीत गेले आणि चारी भिंती तपासल्या. खिडकीतून ऊन सरळ टेबलाच्या जागी येत होतं. दुसरीच्या डोक्यावर जिना होता, कुणी उतरलं की छत हलकेच थरथरायचं. बाहेर फरशी घेऊन उभी असलेली माणसं कण्हत होती, पण खाली ठेवू का, असं कुणी विचारलं नाही. तिसऱ्या खोलीत मी पूर्ण पाच मिनिटं काढली. ना ऊन, ना वारा, ना थरथर. मग दाराशी आले.

"इथे," मी म्हणाले, आणि त्यांना आत यायला बाजूला झाले.