ये, तुझंही बघू

पाठ टेका, पाय जमिनीवर ठेवा, हात छातीच्या उंचीवर येऊ द्या आणि पाच मिनिटं गप्प बसा. आज बोलणार आहे मी, रक्तदाब मोजणारं यंत्र. माझ्याकडून खरे आकडे घेऊन एका माणसानं त्यांचं खोटं केलं, आणि ते मला अजून पचलेलं नाही.

कारखान्यात नाकावर चष्मा घसरलेल्या एका बाईंनी मला तीनदा तपासलं आणि ‘हा खरं बोलतो’ म्हणत खोक्यात घातलं. त्या एका वाक्याचा मला भारी अभिमान होता.

एका लेकीनं मला तिच्या वडिलांसाठी आणलं. हे वडील म्हणजे काका; ते बंदरावर क्रेन चालवत. दोनशे पायऱ्या चढून काचेच्या केबिनमध्ये बसायचं आणि लोखंडी कंटेनर उचलून जहाजात अलगद ठेवायचे. बावीस वर्षांत एकाही कंटेनरला पोचा आला नाही, हे ते पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी सांगत.

पहिल्याच दिवशी मी आकडा दाखवला : वर एकशे बहात्तर, खाली एकशे चार. काका माझ्यावरच उखडले.

“माझं डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. हे यंत्रच खुळं आहे!”

या दुखण्याची खोडच ती. माणूस खातो-पितो, चारचौघांत हसतो, आणि आत रक्तवाहिन्यांवरचा ताण वाढत राहतो. त्याला काही म्हणता काही कळत नाही.

कंपनीच्या डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली, मीठ कमी करायला सांगितलं आणि बजावलं, “रोज सकाळी मोजा आणि वहीत लिहून आणा. आकडे आटोक्यात आले नाहीत, तर क्रेनवर चढू देणार नाही.”

गोळीनं आकडे उतरू लागले. मी खूश होतो. पण त्या गोळीनं काकांना तासातासाला लघवीला लागायची. दोनशे पायऱ्या उतरायच्या, पुन्हा चढायच्या, तोवर खाली ट्रकांची रांग आणि ड्रायव्हरांचे भोंगे. एकदा कुणीतरी ओरडलं, “काय काका, पुन्हा आलात का खाली?” सगळे हसले. काकांना ते फार लागलं. दुसऱ्या दिवसापासून गोळी पाकिटातून निघायची ती थेट बेसिनमध्ये जायची.

आकडे पुन्हा चढले. काकांनी माझं बटण दाबून धरलं आणि मी जपून ठेवलेले सगळे आकडे पुसून टाकले. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, “अगं, ये, तुझंही बघू.”

काकू पदराला हात पुसत आल्या. “आज सूर्य पश्चिमेला उगवला की काय? तीस वर्षांत मला ताप आला तरी कधी कपाळाला हात लावला नाहीत.”

पण बसल्या. कशा बसल्या म्हणून सांगू! पाय जुळवून, डोळे मिटून, जणू फोटो काढायचाय. मी आकडा दाखवला : एकशे अठरा, शहात्तर. काकांनी तो स्वतःच्या वहीत उतरवला.

मग हे रोजचंच झालं. काकू शेजारणीला सांगायच्या, “हल्ली माझी फार काळजी घेतात हो.” ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मला ओरडून सांगायचं होतं, पण मला आकड्यांशिवाय भाषा नाही.

दवाखान्यात काकांचा दाब जास्तच भरला. ते हसून म्हणाले, “तुमचा पांढरा कोट पाहिला की वाढतो.” तसं पुष्कळांचं होतं म्हणे. बाईंनी वही पाहिली, माझ्यावर भरवसा ठेवला आणि गोळी तीच चालू ठेवली.

दोन महिन्यांनी एका सकाळी दाढी करताना काकांच्या उजव्या हातातून वस्तरा गळून पडला. हाक मारायला गेले, तर शब्द जिभेवरच अडकला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. जीव वाचला, उजवा हात मात्र गेला.

“यंत्रच बिघडलेलं असणार,” लेक रडत म्हणाली. “मीच नीट पारखून आणलं नाही.”

काकूंनी मला पिशवीत घालून दवाखान्यात काकांच्या खाटेपाशी नेलं. डॉक्टरीणबाईंनी मला उलटसुलट पाहिलं आणि म्हणाल्या, “काकू, जरा तुमचा हात द्या बघू.”

एकशे अठरा, शहात्तर. बाईंनी आपल्या यंत्रानंही मोजलं. जवळपास तेवढाच.

“हे तर नीट चालतंय,” त्या वही उघडत म्हणाल्या. “मग हे आकडे कुणाचे?”

काकूंनी वहीवरून बोट फिरवलं. पानामागून पान. “माझे,” त्या म्हणाल्या.

काका भिंतीकडे पाहत अडखळत बोलले, “गोळीनं... सारखं उतरावं लागायचं...”

“एवढंच?” बाई मटकन खुर्चीत बसल्या. “अहो, मला सांगायचं होतंत. दुसरी गोळी दिली असती की!”

काकूंनी वही मिटली.

आता मी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर असतो. काकू रोज सकाळी काकांना पाच मिनिटं गप्प बसवतात, डाव्या दंडाला पट्टा बांधतात, नव्या गोळीनं उतरलेला आकडा वहीत लिहितात. सगळं अगदी नियमानं. तुम्हीही असंच करा. माझ्यावर चिडलात तरी चालेल, पण हात तुमचाच द्या.

काल मोजून झाल्यावर काकांनी डाव्या हातानं पट्टा कसाबसा सोडवला आणि काकूंपुढे धरला.

“ये,” ते म्हणाले, “तुझंही बघू.”

काकूंनी पट्टा घेतला, नीट गुंडाळला, माझ्याशेजारी ठेवला.

“राहू द्या,” त्या म्हणाल्या. “माझे आकडे तुम्हाला पाठ आहेत.”